पंढरीची पेठ आणि आपण



संत नरहरी सोनारांची कथा आपण सर्वांनी कीर्तनातून ऐकलेली आहे. तरीही ती आज पुन्हा थोडक्यात सांगावी लागेल, कारण पुढचे बोलणे तिच्यावरच उभे आहे. एका सावकाराने पुत्रासाठी विठ्ठलास नवस केला. पुत्र झाला. नवस फेडण्यासाठी देवाच्या कमरेस सोन्याचा करगोटा घालावयाचे त्याने ठरविले. पंढरीत नरहरींच्या तोडीचा कारागीर नव्हता. पण नरहरी कट्टर शैव, विठ्ठलाच्या राउळाकडे पाहावयाचेही नाही असा त्यांचा नेम. त्यांनी सांगितले, माप आणून द्या, घडवून देतो. सावकाराने माप आणले. करगोटा झाला, देवास नेऊन घातला, तो सैल. नरहरींनी तो कमी केला, तो आता तोकडा. काही केल्या बसेना. अखेर डोळ्यांस पट्टी बांधून नरहरी स्वतः गाभाऱ्यात गेले आणि हातांनी चाचपू लागले, तो व्याघ्रांबर लागले, सर्प लागला. हा तर आपला महादेव, म्हणून पट्टी सोडली, तो समोर विटेवरचा सावळा उभा. पट्टी बांधावी तर शंकर, सोडावी तर विठ्ठल. पुढचे आपणांस ठाऊकच आहे.

ही कथा हरिहरांच्या ऐक्याची म्हणून आम्हीही वर्षानुवर्षे सांगत आलो, आणि ती त्याचीच आहे. परंतु अलीकडे ती सांगताना आमचे मन एका भलत्याच ठिकाणी अडते. त्या सावकाराने करगोटा आपल्या गावाहून तयार करून आणला असता तर? पैसा त्याच्यापाशी होता, त्याच्या ओळखीचे सोनारही असतील. तयार दागिना आणला असता, पुजाऱ्याच्या हाती दिला असता, नवस फिटला असता. देव काही रागावला नसता. पण मग नरहरी दुकानात बसून राहिले असते. त्यांच्या हातांना देव लागलाच नसता.

म्हणजे पाहा, नरहरींना देवळात कोणी आणले? कोणाच्या उपदेशाने ते आले नाहीत, वादात हरून आले नाहीत. गिऱ्हाईक दारात आले, काम सांगितले, आणि त्या कामाच्या मागोमाग देव त्यांना ओढून घेऊन गेला. परगावच्या भाविकाने पंढरीच्या पेठेत काम दिले, एवढे निमित्त पांडुरंगाला पुरले.

आमच्या लहानपणी पाठशाळेत अमरकोश तोंडपाठ करावा लागे. त्याच्या दुसऱ्या कांडात पुरवर्ग आहे. नगर, वेशी, रस्ते, घरे यांची नावे त्यात येतात, आणि त्यांतच बाजाराला, दुकानाला ‘आपण’ असा शब्द येतो. आम्ही पोरे तो म्हणताना हसत असू. आपण म्हणजे दुकान, मग गुरुजी, आपण कोणते दुकान? गुरुजींनी एकदा छडी बाजूस ठेवून समजाविले की मराठीतला आपला ‘आपण’ आत्मन् शब्दापासून आला आहे, संस्कृतातला ‘आपण’ पण् धातूपासून. दोघांचे गोत्र निराळे. ते खरेच आहे आणि आम्ही व्याकरण मोडू इच्छीत नाही. पण त्याच पण् धातूचे धातुपाठात दोन अर्थ सांगितले आहेत हे मात्र पुढे पुष्कळ वर्षांनी ध्यानात आले. एक अर्थ व्यवहार करणे, आणि दुसरा अर्थ स्तुती करणे. देवाण-घेवाण आणि स्तवन या दोहोंना एकच धातू. हे प्राचीन वैयाकरणांना का सुचले असेल ते असो. आम्हांला मात्र तेव्हा महाद्वारातली आषाढी दशमीची रात्र आठवली. एकीकडे दिंडीचा गजर चालला आहे, आणि त्याच गजरात चुरमुरेवाला माप भरतो आहे, कासार आजीच्या मनगटात बांगड्या भरतो आहे, बुक्क्याच्या राशी कंदिलासारख्या दिव्यांखाली चमकत आहेत. यातले स्तवन कोणते आणि व्यवहार कोणता, हे निवडून वेगळे काढावयाचे कसे?

आपल्या संप्रदायात ‘पेठ’ हा शब्द कधी हलका मानलेला नाही. पंढरीला आपण क्षेत्र म्हणतो तसेच पेठही म्हणतो. आणि संतांची नावे घ्या. नामदेवराय शिंपी, वडील दामाशेटींनी कापड विकावयास बाजारी धाडले, तर ते धोंड्यांना कापड उधार देऊन आले, ही गोष्ट पोरेसुद्धा सांगतात. गोरोबा तेरचे कुंभार, सावतोबा अरणचे माळी, सेना महाराज न्हावी. देहूस तुकोबारायांच्या घराण्यात तर बाजाराची महाजनकीच होती. महाजन म्हणजे पेठेचा वतनदार. पेठेची व्यवस्था पाहावी, तिचा मान राखावा, हे शेटे-महाजनांचे काम. १६३० च्या सुमारास महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला, त्यात तुकोबांचे दुकान बुडाले, पहिली पत्नी अन्नाविना गेली. पुढे कर्जखतांची वाटणी झाली, धाकट्या कान्होबांचा वाटा कान्होबांस दिला आणि आपल्या वाट्याची खते तुकोबांनी इंद्रायणीत सोडली. हा प्रसंग वैराग्याचा म्हणून आपण सांगतो. पण ज्यांच्या नावाची ती खते होती, त्यांच्या बाजूने एकदा पाहा. दुष्काळाने मोडलेल्या त्या पेठेतल्या किती घरांच्या चुली त्या दिवशी मोकळ्या मनाने पेटल्या असतील! असा महाजन कोणत्या पेठेला मिळतो?

आता आमची चूक सांगतो. सांगितल्यावाचून पुढे बोलण्याचा अधिकार आम्हांस नाही.

पंढरीत प्रदक्षिणेच्या वाटेवरून आत वळणाऱ्या एका बोळात एक लहानसे दुकान होते. टाळ, चिपळ्या, आणि मुख्य म्हणजे पखवाज. आमच्या गुरुवर्यांचे बोट धरून आम्ही तेथे पहिल्यांदा गेलो तेव्हा दुकानदार तरुण होता. पुढे आम्ही दोघे बरोबरच म्हातारे झालो. पखवाजाचे काम किती जिकिरीचे, हे ज्याने पाहिले त्यालाच कळेल. खोडाचा पिंप, दोन्ही तोंडांना कातड्याच्या पुड्या, त्यांना ओढून धरणारी वादी, वादीखाली ठोकावयाचे गठ्ठे. एका पुडीला शाई घोटून घोटून, थर वाळवून वाळवून चढवावयाची. दुसऱ्या तोंडाला, धुमेला, वाजविण्याच्या वेळी ओली कणीक लावावयाची. पुडी चांगली मढविली तर वारीच्या पावसातही बोलते, वाईट मढविली तर आळंदीहून सासवडला पोचेपर्यंतच भद्द होते. हा गृहस्थ पुडीवर एक चाट मारून कान लावी आणि मानेनेच हो किंवा नाही म्हणे. बोलणे कमी. आमच्या दिंडीचे टाळ, पखवाज सारे तीस वर्षे त्याच्याकडचे.

२०१८ साली आमच्या दिंडीत नवी माणसे वाढली. साठ जोड टाळ आणि दोन पखवाज घ्यावयाचे होते. एका तरुण टाळकऱ्याने मोबाईलवर भाव काढून दाखविला. शहरातला मोठा व्यापारी, घरपोच माल, जोडीमागे साठ-सत्तर रुपये कमी. आम्ही म्हटले, दिंडीचा पैसा म्हणजे गोरगरिबांची भिशी, तो वाचविणे हे आमचे कर्तव्यच. माल आला, चकचकीत होता. त्या वर्षी पंढरीत त्या बोळातून जाताना आम्ही पलीकडच्या बाजूने, छत्री थोडी आडवी धरून निघालो. पण त्याने पाहिलेच. हाक मारून त्याने एवढेच विचारले, “महाराज, औंदा टाळ न्हाई घेतलं आमच्याकडनं?” आम्ही काहीतरी बोलून वेळ मारून नेली. त्याने चहा सांगितला. तो चहा आमच्या घशाखाली कसा उतरला ते आमचे आम्हांला माहीत.

२०१९ च्या आषाढीस, दशमीच्या रात्री, पावसात भिजलेल्या त्या नव्या पखवाजाची पुडी फुटली. दुसऱ्या दिवशी एकादशी, नगरप्रदक्षिणा, रात्री जागर. आणि मृदंग मुका. शहरातल्या व्यापाऱ्याचा नंबर लागत होता, पण तो करणार काय? रात्री अकरा वाजता आम्ही त्याच बोळात गेलो. दुकान बंद करून तो जेवावयास बसला होता. हात धुऊन उठला. फुटलेली पुडी पाहिली, कोणी बनविली म्हणून विचारलेदेखील नाही. घरात तयार असलेली पुडी काढून पहाटे अडीचपर्यंत ओढून बसविली, गठ्ठे ठोकले, चाट मारून कान लावला आणि मान हलविली. पैसे किती म्हटले तर नेहमीचेच. जास्त देऊ लागलो तर म्हणाला, “असू द्या म्हाराज, सकाळच्याला माउलीची प्रदक्षिणा हाय.”

त्यानंतर २०२० साल उजाडले. मार्चमध्ये मंदिर दर्शनाला बंद झाले ते नोव्हेंबरात उघडले. चैत्री गेली. आषाढीस संतांच्या पादुका एस.टी. बसने पंढरीस आल्या, पंढरीत संचारबंदी, आपण सारे घरी बसून रडलो. कार्तिकी तशीच गेली, माघीही गेली. २०२१ ची आषाढीदेखील बसनेच झाली. त्या दोन वर्षांत आपण आपल्या विरहाचे पुष्कळ बोललो, लिहिले, आमच्याही प्रवचनांत ते आले. पण चार वाऱ्यांच्या उत्पन्नावर वर्षाची कणगी भरणाऱ्या पंढरीच्या पेठेने ती दोन वर्षे कशी काढली असतील, याचा विचार आमच्या मनात फार उशिरा आला. चुरमुऱ्याच्या भट्ट्या, उदबत्तीच्या कामावर जाणाऱ्या बाया, कुंकवाचे कारखाने, फुलांचे हारवाले, धर्मशाळेच्या दारातला चहावाला. देवाला विरह होता म्हणतात. यांना उपास होता.

२०२२ साली पायी वारी पुन्हा निघाली. पंढरीत पोचल्याबरोबर आम्ही त्या बोळात गेलो. दुकानात मोबाईलची झाकणे टांगली होती. शेजाऱ्याने सांगितले, म्हातारा आदल्या वर्षी गेला. मुलगा चाकणला कंपनीत लागला.

करोनाने दुकान मोडले असे कोणी म्हणेल, आणि तेही खोटे नाही. पण २०१८ साली साठ जोड टाळ आणि दोन पखवाज त्याच्याकडून घेतले असते, आमच्यासारख्या आणखी दहा दिंड्यांनी घेतले असते, तर मुलाने बापाचा हात सोडला असता का? आम्ही वाचविलेल्या त्या चार-साडेचार हजार रुपयांचे पुढे काय झाले हेही आठवत नाही. कुठल्याशा खर्चात गेले.

आता येथे शंका घेतली जाईल. वारकरी गरीब माणूस, तो स्वस्त तेथेच घेणार. त्याला महाग घ्या म्हणून सांगणे हा कोणता परमार्थ? शंका रास्त आहे. आमचे बोलणे पदराच्या गाठीला शंभर रुपये बांधून निघालेल्या म्हातारीला उद्देशून नाहीच. ती बिचारी पावशेर चुरमुरे, दोन बत्तासे आणि नातवाला एक पिपाणी घेते, ती पेठेतच घेते, आणि खरे सांगायचे तर पंढरीची पेठ आजवर तिनेच जगविली आहे. आमचे बोलणे दिंडीचालकांना आहे, मठाधिपतींना आहे, मोटारीने येऊन मोटारीने जाणाऱ्या भाविकांना आहे, आणि सर्वांआधी आम्हांला स्वतःला आहे. पाचशे माणसांची दिंडी ट्रक भरून येते. शिधा शहराच्या ठोक बाजारातला, पाण्याच्या बाटल्या तिकडच्याच, प्रसादाची पाकिटे तिकडचीच, माळासुद्धा तिकडच्या. पंढरीत आपण काय ठेवून जातो, तर पत्रावळींचे ढीग आणि रिकाम्या बाटल्या. ज्या गावाने आपल्याला उतरावयास जागा दिली, त्या गावाच्या वाट्याला आपला कचरा यावा आणि व्यवहार दुसऱ्याच्या वाट्याला जावा, याला काय म्हणावे ते तुम्हीच सांगा.

आणि माळेचे तर विशेष आहे. आपल्या गळ्यातली तुळशीची माळ पंढरीत काशीकापडी समाजाची घरे पिढ्यान्‌पिढ्या करीत आली आहेत. वाळलेल्या तुळशीची काष्ठे आणावयाची, तासावयाची, मणी कातावयाचा, भोक पाडावयाचे, आणि असे एकशे आठ ओवावयाचे. पूर्वी सगळे हातावर चाले, आता पुष्कळ घरी विजेची मोटार आली आहे. माळ घेताना आपण घासाघीस करतो. कधी दुसऱ्याच कुठल्या लाकडाचे गुळगुळीत मणी तुळशीचे म्हणून स्वस्तात गळ्यात पडतात आणि आपण खूश होतो. माळ घातली म्हणजे माणूस वारकरी झाला, खोटे सोडले, असे आपण म्हणतो; आणि ती माळच खोटी! बसलेल्या बाईला विचारावे, मणी हाती घेऊन पाहावा, आणि ती सांगेल तो दाम द्यावा. त्या कामात तिची बोटे कशी झाली आहेत तेही पाहावे.

पंढरीचे नाव तर पेठेनेच घरोघर नेले आहे. ज्या घरात कधी कोणी वारी केली नाही, तेथेही चिवड्यात पंढरपुरी डाळे पडते. (पंढरपुरी तंबाखूही तितकीच प्रसिद्ध आहे, पण या मासिकात तिचे नाव न घेतलेले बरे.) वारीहून परतल्यावर आपण शेजाऱ्याच्या हातावर चुरमुरे-बत्तासे ठेवतो, कपाळाला बुक्का लावतो, तेव्हा तो शेजारी त्या चार दाण्यांना नमस्कार करतो. तो नमस्कार दाण्याला नसतो, ज्या ठिकाणाहून दाणा आला त्या ठिकाणाला असतो. मग चाकणच्या किंवा मुंबईच्या गोदामातून आलेले पाकीट पंढरीत नुसते फिरवून आणून शेजाऱ्याच्या हातावर ठेवणे, ही फसवणूक कोणाची?

दुसरी बाजूही बोललीच पाहिजे. नाहीतर पेठेतले लोक म्हणतील, महाराजांनी आपली वकिली घेतली. वारीच्या दिवसांत पाण्याची बाटली दुप्पट भावाने विकणारे आहेत. एका रात्रीच्या खोलीचे महिन्याचे भाडे मागणारे आहेत. पेढ्यात खवा किती आणि साखर किती हे विचारले तर तोंड फिरविणारे आहेत. मापात पाप करून त्यावर विठ्ठलाचा फोटो लावणारेही आहेत. त्यांना आमचे सांगणे एवढेच की, गिऱ्हाईक म्हणून आलेला वारकरी वर्षातून एकदा येतो हे खरे, पण त्याची पोरे आणि नातवंडेही त्याच वाटेने येणार आहेत, आणि तो घरी जाऊन गावभर सांगणार आहे. ज्याने एकदा फसवून घेतले तोच पुढल्या वर्षी ट्रक भरून माल आणतो. आमच्या दिंडीतल्या त्या तरुण टाळकऱ्याला मोबाईलवर भाव पाहण्याची बुद्धी का झाली, हे आम्ही पुढे खोदून विचारले. त्याच्या आईला आदल्या वर्षी कोणी पितळेची म्हणून भलत्याच धातूची मूर्ती विकली होती. म्हणजे फसविले एकाने आणि मार बसला बोळातल्या म्हाताऱ्याला, ज्याने जन्मात कोणाला एक पैसा जास्त लावला नाही.

आता रस्त्यांविषयी. महाद्वार, नामदेव पायरी, चौफाळा, प्रदक्षिणेचा मार्ग, येथे एकादशीच्या दिवशी काय होते ते प्रत्येकाने अंगावर घेतलेले आहे. माणूस चालत नाही, वाहून नेला जातो. एखादी आजी घेरी येऊन पडली तर तिला बाहेर काढावयाचे कसे? दुकानाची फळी दोन हात पुढे, तिच्यापुढे छप्पर एक हात, त्यापुढे पाटीवाला, त्याच्यापुढे दुचाकी. सहा हातांच्या वाटेतले दोन हात वारकऱ्याला उरतात. सांडपाणी त्यातूनच वाहते. बायकांना आडोसा नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या माउल्या आमच्या दिंडीत आहेत. ही गोष्ट प्रवचनात बोलत नाहीत, पण बोलली पाहिजे. म्हणून पेठ सुधारली पाहिजे, वाट मोकळी झाली पाहिजे, यात दुमत असण्याचे कारण नाही.

काशीस विश्वनाथाच्या मंदिरापासून गंगेपर्यंतचा भाग मोकळा करून २०२१ साली त्याला नवे रूप दिले गेले. तेव्हापासून पंढरीतही तशा आराखड्याची बोलणी निघाली. २०२२ साली महाद्वार परिसरातल्या रहिवाशांनी आणि व्यापाऱ्यांनी त्याला विरोध केला. त्यातले कायदे आणि नकाशे आम्हांला कळत नाहीत, आणि कोणत्याही पक्षाचा झेंडा आमच्या खांद्यावर नाही. तेथे भगवी पताका आहे तेवढी पुरे. पण नरहरींच्या कथेतले एक वर्म आम्हांला येथे आठवते. करगोटा चुकला तो कारागिराच्या हाताने नाही. माप दुसऱ्याने आणून दिले होते म्हणून चुकला. आधी सैल झाला, मग तोकडा झाला. कारागीर स्वतः गेला, हाताने चाचपले, तेव्हा बसला. बोळात ज्याचे तीन पिढ्यांचे घर आहे, ज्याच्या ओट्यावर दरसाल कुठल्यातरी दिंडीची तीस माणसे फुकट निजतात, त्याला विचारून, त्याच्या ओट्यावर बसून माप घ्यावे. वाट रुंद करताना ज्याची फळी जाईल त्याला त्याच वाटेवर, वारकऱ्याच्या पायाखालच्याच वाटेवर दुकान मिळावे. गावाबाहेर दूर कुठे चकचकीत गाळा देऊन त्याचे काय होणार? वारकरी काही खरेदीसाठी गावाबाहेर जात नसतो. चंद्रभागेचे स्नान, पुंडलिकाचे दर्शन, नामदेव पायरी, कळस, प्रदक्षिणा. या वाटेवर जे येते तेच तो घेतो.

आणि दुकानदारांनीही मागे सरले पाहिजे. फळी आत घेतली तर माल कमी दिसेल ही भीती खोटी आहे. माणूस उभा राहू शकला तरच तो काही घेईल. ढकलला जाणारा माणूस काय विकत घेणार? पुढचे सगळे आत गेले तर आपणही जाऊ असे प्रत्येक जण म्हणतो, आणि म्हणून कोणीच जात नाही. एका आळीने तरी सुरुवात करावी.

देवळात चौऱ्याऐंशीचा शिलालेख आहे. चौऱ्याऐंशी लक्ष योनी चुकाव्यात म्हणून भाविकांनी पाठ घासघासून तो गुळगुळीत केला. तो शके ११९५ ते ११९९ चा, म्हणजे इसवी सन १२७३ ते १२७७ चा, आणि त्यात देवाला कोणी काय दिले याच्या नोंदी आहेत. देवळाच्या दगडावर जमाखर्च कोरला गेला आणि त्याचीच पूजा झाली! आपल्या पूर्वजांना हिशेब आणि भक्ती यांचा विटाळ नव्हता, एवढे यावरून दिसते. आपण मात्र व्यवहार प्रपंचात टाकतो आणि वारी परमार्थात, आणि वारीतला व्यवहार कसा होतो तिकडे पाहतच नाही.

वारीचे दिवस मोजके. उरलेले वर्ष आपण आपापल्या गावी असतो, तेथेही पेठ असते. तालुक्याच्या गावचा शिंपी बसून असतो, आणि त्याच्यासमोरून तयार सदऱ्यांची खोकी घरोघर जातात. आठवड्याच्या बाजारात माळीण मेथीच्या जुडीचे दहा सांगते तर आपण सात म्हणतो, आणि तोच मनुष्य मोबाईलवर छापील किमतीला मुकाट्याने मान तुकवितो. घासाघीस फक्त समोर बसलेल्या गरिबाशी. सावतोबांना अरणचा मळा सोडून पंढरीस जावे लागले नाही, देवच मळ्यात आला असे आपण सांगतो. मग त्या मळ्यातली भाजी घेताना एवढा कंजूषपणा कशासाठी? लांबच्या व्यापाऱ्याशी आमचे वैर नाही. जे गावात मिळत नाही ते जरूर मागवावे. औषध मागवा, पुस्तक मागवा. पण जे बोळात मिळते, ज्याला करणारे हात अजून जिवंत आहेत, ते तरी बोळातून घ्यावे.

सासवड, लोणंद, फलटण या मुक्कामांवर तेथल्या पेठा आपल्याला काय देतात हे प्रत्येकाने पाहिले आहे. कोणी चहा देतो, कोणी केळी देतो, कोणी चपला शिवून देतो, न्हावी बांधव फुकट दाढी करतात. वर्षभर दुकान चालले तरच एक दिवस वाटता येते. तेवढे आम्ही आमच्या दिंडीत बोललो आणि गेल्या तीन वर्षांपासून ठरविले की शिधा वाटेवरच्या गावी घ्यावयाचा, पत्रावळ पानांची घ्यावयाची, आणि प्रसाद, माळा, बुक्का, वाद्ये ही पंढरीत, माणूस पाहून घ्यावयाची. खर्च थोडा वाढला. भिशीवाल्यांनी कुरकुर केली. हिशेब वाचून दाखविला तेव्हा थांबली.

आणि त्या बोळातले पुढे असे झाले. म्हाताऱ्याचा एक पुतण्या आहे, त्याच्याकडे काकाची हत्यारे आणि शाई घोटावयाचा दगड आला होता. दुकान नाही, मागच्या आळीत घराच्या पडवीत तो पुड्या मढवितो, बाकी दिवसभर रिक्षा चालवितो. गेल्या कार्तिकीस आम्ही त्याच्याकडे दोन्ही पखवाज टाकले. एक ठीक झाला. दुसऱ्याची पुडी किंचित चढी बोलते. आमचे गायक त्यावरून तोंड वाकडे करतात. आम्ही त्याला तसे सांगितले. तो म्हणाला, काकानं शाईचा शेवटला थर कसा घोटायचा ते पुरतं दाखवलं न्हाई, हाताला अजून बसंना. आषाढीला पुन्हा त्याच्याकडेच टाकावयाचा आहे.